तिसऱ्याचा नियम

दोन टेकड्यांच्या मधल्या माळावर एक साळिंदर राहत असे आणि त्याचा कोणावरही विश्वास नसे. कोणी "नमस्कार" म्हटले तर ते विचारी, "का?" कोणी न बोलता पुढे गेले, तर हा न बोलता का गेला याचा ते दिवसभर विचार करी. मुलांनो, असा प्राणी शेजारी असला की फार कंटाळा येतो. पण माळावरच्या क्रीडा मंडळाने चिटणीस म्हणून नेमके त्यालाच निवडले होते आणि मला विचाराल तर मंडळाने तेवढे एक काम शहाणपणाने केले होते.

मंडळ हौशी प्राण्यांचे होते. दरवर्षी पळस फुलले की माळावरच्या पिल्लांची नदीपलीकडच्या रानातल्या पिल्लांशी धावण्याची शर्यत होई. बक्षीस असे काही नसे, फक्त एक मान असे. जिंकणारे पिल्लू आणि त्याला शिकवणारा, या दोघांनी वर्षभर पाणवठ्यावर सर्वांच्या आधी पाणी प्यायचे. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा मानासाठी कोण काय करणार आहे? मीही लहानपणी असेच म्हणत असे.

आदल्या वर्षी एक वाईट गोष्ट घडली होती. पाहुणा म्हणून आलेल्या एका तरसाने मुंगसाच्या पिल्लाला शिकवायच्या निमित्ताने ओढ्याकाठी एकटे नेले. पिल्लू पंजा मोडून परत आले आणि तो कसा मोडला हे त्याने शेवटपर्यंत कोणालाही सांगितले नाही. तरस दुसऱ्याच दिवशी निघून गेला. तेव्हा साळिंदराने आपल्या पाठीवरचा एक काटा उपटला आणि सभेच्या खडकावर कोरले : शिकवणारा आणि पिल्लू, असे दोघेच कधीही नसावेत, बघायला तिसरा मोठा प्राणी हवाच. माळावर सगळे याला तिसऱ्याचा नियम म्हणू लागले.

या वर्षी शिकवणारे दोघे होते. एक कोल्हा, जो पिल्लांना वळणे घ्यायला शिकवी, आणि दुसरा काळवीट, जो वेग शिकवी. नियम सभेत वाचला गेला तेव्हा मंडळाचा अध्यक्ष, धिप्पाड गवा, समाधानाने म्हणाला, "छान झालं. कोल्ह्याला आजपासूनच लागू करा."

कोल्हा मागे बसला होता. "करा की," तो म्हणाला. "माझं काय जातंय?"

"आणि काळवीटकाकांबरोबर कोण बसणार?" साळिंदराने विचारले.

सभेतल्या माना एकदम काळवीटाकडे वळल्या. काळवीट म्हणजे माळाचे भूषण. तरुणपणी, मोठे प्राणीही धावत तेव्हा, त्याने सलग सात वर्षे शर्यत जिंकली होती. तो जवळून गेला की पिल्ले खेळ थांबवून बघत राहत. तो रागावला नाही, उलट हसला. "बसा की कोणीही," तो म्हणाला. "फक्त कोणी बघायला असलं की पिल्लांचं लक्ष उडतं. यंदाही हरायचं असेल तर माझी काही हरकत नाही."

"छे, छे!" गवा म्हणाला. "काका, तुमच्यावर कोण संशय घेणार? साळिंदरभाऊ, अहो, यांना काय विचारायचं? आपण यांच्याकडे बघत बघत लहानाचे मोठे झालो."

मुलांनो, "यांना काय विचारायचं" हे वाक्य कानावर आले की मी तरी सावरून बसतो. साळिंदरही एरवी बसले असते. पण लहानपणी तेही त्याच गर्दीत उभे राहून काळवीटाची धाव बघत होते आणि सबंध आयुष्यात त्याला जर कोणी आवडले असेल, तर तो हा काळवीट. साळिंदराने दुसरा काटा उपटला आणि नियमाच्या खाली कोरले : काळवीटकाकांना सूट.

त्या दिवसापासून साळिंदराने आपला सगळा संशय कोल्ह्यासाठी राखून ठेवला. साळिंदरे दिवसा झोपतात, पण याने झोप सोडली. कोल्हा उघड्या माळावर पिल्लांना वळणे शिकवी आणि साळिंदर पाच पावलांवर बसून डोळे वटारून बघत राही.

"पिल्लाच्या कानात काय सांगितलंस आत्ता?"

"सांगितलं नाही हो, गोचीड काढली. ही बघा."

साळिंदर गोचीडही उलटसुलट करून बघे. असे महिनाभर चालले. कोल्हा एकदाही चिडला नाही, आणि हा चिडत का नाही, या विचाराने साळिंदराचा संशय आणखी वाढला.

काळवीट मात्र आपल्या पिल्लांना टेकडीमागे, करवंदीच्या जाळ्यांपलीकडे नेई. तिकडे कोणी जात नसे. त्याच्याकडे सशाचे एक पिल्लू होते, माळावर सर्वांत चपळ. निवडीच्या धावेत त्याने सगळ्यांना मागे टाकले होते आणि यंदाचा मान आपलाच, असे सगळे आतापासून म्हणू लागले होते. एका सकाळी ते पिल्लू वळण शिकायला कोल्ह्याकडे आले. उजवीकडे वळले, पण डावीकडे वळताना कोलमडले. कोल्ह्याने त्याला थांबवले. मागचा डावा पाय गुडघ्यापाशी चांगलाच सुजला होता.

"दुखत नाही का रे पिल्ला?"

"नाही," पिल्लू म्हणाले.

"जीभ दाखव बघू."

पिल्लाने तोंड घट्ट मिटले. "काकांनी सांगितलंय, कोणाला काही दाखवायचं नाही."

पण बोलताना जीभ दिसायची ती दिसलीच. ती पिवळी झाली होती. कोल्ह्याने पिल्लाला सावलीत बसवले आणि तो साळिंदराकडे आला. "भाऊ, ओढ्याकाठी एक कडू मुळी येते. ती चघळली की जीभ पिवळी होते आणि दुखणं कळत नाही. दुखणं जात नाही हो, नुसतं कळत नाही. या पिल्लाला कोणीतरी ती रोज देतंय आणि पळवतंय. हा पाय असाच पळवला तर कायमचा जाईल."

सशाला शिंगे नसतात, काटे नसतात. आहेत ते चार पाय. एक गेला की त्याचे काय होते, हे माळावरच्या प्रत्येकाला ठाऊक होते. साळिंदरालाही ठाऊक होते. पण त्याने कोल्ह्याकडे डोळे बारीक करून बघितले.

"म्हणजे काळवीटकाका असं करतात, असं तुझं म्हणणं. त्यांची जागा हवी आहे तुला?"

"बरं," कोल्हा म्हणाला. "मग एकदा जाऊन बघा आणि मला खोटा पाडा."

साळिंदर गेले नाही. एक दिवस त्याने, कोल्ह्याने हे सांगितले कशाला, याचा विचार केला. दुसऱ्या दिवशी, त्याने ते इतक्या शांतपणे कसे सांगितले, याचा केला. ते दोन्ही दिवस पिल्लू टेकडीमागे पळत होते. मला त्या दोन दिवसांचा अजून राग येतो. तिसऱ्या दिवशी साळिंदर उठले ते कोल्ह्याचा खोटेपणा उघड करायचाच, असे ठरवून. करवंदीच्या जाळीत शिरून त्याने हळूच पलीकडे डोकावले.

पिल्लू तीन पायांवर उभे होते.

"अजून एक फेरी," काळवीट म्हणत होता. "शर्यत चार दिवसांवर आली."

"काका, पाय टेकवतच नाही आता."

"मुळी चघळ. आणि आईजवळ एक अक्षर बोललास, तर तुझं नाव कापलं म्हणून समज. मग बघ, या माळावर तुला कोण विचारतंय."

साळिंदराचे सगळे काटे उभे राहिले. ते जाळीतून बाहेर आले. काळवीट जरासुद्धा दचकला नाही.

"साळिंदरा, तुझं इथं काय काम?" तो म्हणाला. "मला सूट आहे. तूच कोरली आहेस."

साळिंदर सावकाश चालत पिल्लाशेजारी जाऊन उभे राहिले. "चल पिल्ला," ते म्हणाले. "आपण हळूहळू जाऊ."

त्याच दुपारी सभा भरली. साळिंदराने बघितले ते सगळे सांगितले. पण मुलांनो, मोठे प्राणी अशा वेळी काय करतात ते ऐकून ठेवा. कोणी म्हणाले, पिल्ले काय, कशालाही रडतात. कोणी म्हणाले, नदीपलीकडे हे कळले तर मंडळाची शोभा होईल. काळवीट मान ताठ ठेवून म्हणाला, "मी हे सगळं माळासाठी केलं. मला स्वतःला काय मिळणार होतं?" पाणवठ्यावरच्या मानाबद्दल तो बोलला नाही. गवा खालमानेने म्हणाला, "चार दिवसांचा तर प्रश्न आहे. शर्यत होऊन जाऊ दे, मग शांतपणे बघू."

साळिंदर पिल्लाकडे वळले. पिल्लू आपल्या आईला, सशिणीला, चिकटून बसले होते.

"तू कोणालाच का सांगितलं नाहीस, बाळा?"

"सांगायचं असतं हे मला ठाऊक नव्हतं," पिल्लू म्हणाले. "तिसऱ्याचा नियम कोल्ह्याकडच्या पिल्लांना होता. आम्हाला नव्हता. मला वाटलं, आम्हाला दुखलं तर चालतं, असं तुम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलंय."

मग सशीण उठली. ती सभेत कधी बोलत नसे, पण आता तिचा आवाज कापत नव्हता. "अध्यक्ष," ती गव्याला म्हणाली, "तुमची शर्यत वर्षातून एकदा असते. माझ्या पिल्लाला रोज धावायचं आहे. घारीपुढे धावायचं आहे, तरसापुढे धावायचं आहे. चार दिवसांनी त्याचा पाय गेला, तर त्याच्या जागी तुमचं मंडळ धावणार आहे का?"

गव्याने मान वर केली नाही. पण त्याच बैठकीत काळवीटाचे शिकवणे बंद झाले. मुळी चघळून मिळवलेली निवड खरी नाही, म्हणून सशाच्या पिल्लाचे नावही काढले गेले आणि त्याच्यामागे राहिलेल्या रानमांजराच्या पिल्लाला जागा मिळाली. ते बिचारे जीव तोडून धावले आणि चौथे आले. शर्यतीहून परतताना दोघेतिघे साळिंदराला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "हातचा मान घालवला याने." साळिंदराने ते ऐकले आणि, या वेळी तरी, कोण म्हणाले याचा शोध घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने खडकावरची सूट खरवडून काढली. अक्षरे खोल गेली होती, तीन काटे मोडले. कोल्हा बाजूला उभा राहून बघत होता.

"म्हणजे आता मी सुटलो?"

"नाही. उद्या सकाळी मी बसणार आहे."

"अजून संशय आहे माझ्यावर?"

साळिंदराने थोडा विचार केला. "आहे की नाही, ते मलाही सांगता येणार नाही," ते म्हणाले. "पण मी बसणार. आणि मी पिल्लांना लिहायला शिकवीन तेव्हा तू बस."

आता तुम्ही मला विचाराल, कोल्हा मुळातच भला होता, की पाच पावलांवर साळिंदर होते म्हणून भला राहिला? खरे सांगतो, मला माहीत नाही. मी पुष्कळ विचार केला. पण त्याच्याकडे शिकलेल्या एकाही पिल्लाचा पाय सुजला नाही, एवढे मात्र मला माहीत आहे.

राहिली एक गोष्ट. शर्यतीनंतर काही दिवसांनी साळिंदर सशिणीच्या झुडपाशी गेले. पिल्लाचा पाय पाल्याने बांधलेला होता. तो पुढे बरा झाला, पण पहिल्यासारखा झाला नाही. दुसरा कोणी ही गोष्ट सांगता, तर ते पिल्लू पुढच्या वर्षी शर्यत जिंकले असे म्हणाला असता. मी तसे म्हणणार नाही. ते धावू लागले, जीव वाचवण्यापुरते धावू लागले, पण डावीकडे वळताना त्याला कायम अर्धे पाऊल जास्त लागे.

"मला माफ करा," साळिंदर म्हणाले. "माझी नजर चुकीच्या जागी राहिली."

सशिणीने पिल्लाच्या पायावरचा पाला नीट केला. मग म्हणाली, "भाऊ, तुमचा कोणावरच विश्वास नाही हे सबंध माळाला ठाऊक आहे. म्हणून तर मी निर्धास्त होते. मला वाटलं, तुमच्यासारख्याने ज्याला सूट दिली, तो किती चांगला असेल."

साळिंदर तिथेच बसून राहिले. झुडपाखाली पिल्लू पाय लांब करून झोपले होते.

तात्पर्य : जो नियम नावडत्यांना लागतो आणि आवडत्यांना सुटतो, तो लहानांना जपत नाही, तो फक्त मोठ्यांचे मन राखतो.