घरातलं सर्वांत चांगलं जनावर

सन १२१७, फेब्रुवारीतला कडक हिवाळा. ग्राउवाल्टचा जहागीरदार काउंट ओतमार किल्ल्याचा तट बांधत होता. थंडीने बैल मेले, तेव्हा त्याने दगडांच्या गाडीला वेर्नो नावाच्या कुळाला जुंपले. नवव्या दिवशी वेर्नो जोखडातच मेला.

कूळ मेले की त्याच्या घरातले सर्वांत चांगले जनावर काउंटचे, असा तिथला रिवाज होता. वेर्नोला पुरून पाद्री आणि गावकरी त्याच्या दाराशी आले, तोच काउंट घोड्यावरून हजर झाला. घरात एकच गाय होती. तिच्या दुधावर तीन पोरे जगत होती.

“गाय सोड,” काउंट म्हणाला.

वेर्नोची बायको हिल्त्रूड दारातून हलली नाही. “सरकार, या घरातलं सर्वांत चांगलं जनावर तुम्ही आधीच नेलंत. नऊ दिवस गाडीला जुंपलंत.”

“अगं, तो माणूस होता!”

“माणूस होता? मग पाद्रीबाबांसमोर सांगा, माणसाला जोखडात घालून कोणी मारलं?”

माणूस मारणाऱ्याला, मग तो काउंट का असेना, चर्च बहिष्कृत करत असे. पाद्री काउंटकडे बघत राहिला. काउंटने घोडा वळवला.

“जनावर मिळालं,” तो म्हणाला. “देणं फिटलं.”