डोकं नसलेला रोबो

मुलांनो, एक सांगा बघू. ज्याला डोकंच नाही, असं खेळणं तुम्ही हौसेनं घ्याल का?

नाही म्हणालात ना? बोरवंडची मुलंही नाहीच म्हणाली असती. पण त्यांना कुणी असं सरळ विचारलंच नाही.

बोरवंड हे मोठ्या रस्त्यावरचं एक लहानसं गाव. एसटीच्या थांब्यापाशी उत्तमशेठचं किराणा दुकान होतं आणि दुकानासमोर, कडुलिंबाखाली, गावची पाणपोई. पाडव्यापासून मृगापर्यंत तिथला रांजण कधी रिकामा राहत नसे. रोज एका घराची पाळी. त्या घरातल्या मुलांनी सकाळी कळशीनं रांजण भरायचा, ही गावाची पद्धत. देखरेख भिवातात्यांची. ते तीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. उन्हातून आलेल्या माणसाला पाणी मिळालं नाही तर काय होतं, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

उत्तमशेठ सरळ माणूस. गूळ खराब निघाला तर स्वतःच सांगायचा, "आज हा नेऊ नकोस बाई, उद्या ये." म्हणून आईबाप मुलांना एकटं त्याच्या दुकानात पाठवत. वाटीभर शेंगा घेऊन आलेल्या मुलालाही तो हवं ते द्यायचा आणि वर दोन गोळ्या हातावर ठेवायचा.

एका उन्हाळ्यात 'झुळूक' नावाच्या थंड पेयाच्या कंपनीचा साहेब जीप घेऊन आला. त्यानं दुकानात काचेच्या दाराचा भलामोठा फ्रीज ठेवला. दुकानावर नवी रंगीत पाटी लावली, तिच्यावर ठळक अक्षरांत उत्तमशेठचं नाव. आणि फळीवर एक रोबो उभा केला. तो दुमडला की लाल ट्रक व्हायचा. उलगडला की तलवार घेतलेला वीर. मुलं आ वासून बघत राहिली.

साहेब म्हणाला, "प्रत्येक बाटलीच्या बुचाखाली रोबोचा एक भाग छापलाय. दोन हात, दोन पाय, पोट आणि डोकं. सहा बुचं जमवा, रोबो फुकट!"

मुलं ओरडत घराकडे पळाली. मग उत्तमशेठनं हळूच विचारलं, "साहेब, गाव लहान आहे. सगळ्यांनीच सहा जमवली तर?"

साहेब हसला. "डोकं या खोक्यांत नाहीच. ते अगदी शेवटी निघणार, तेही शहराकडच्या मालात. आधीच डोकं सापडलं तर पुढच्या बाटल्या कोण घेणार?"

"म्हणजे मुलांना फसवायचं?"

"फसवायचं कुठे? नशिबाचा खेळ आहे, असं जाहिरातीत खाली लिहिलंय की."

लिहिलं होतं खरं. मुंगीनं वाचावं इतक्या बारीक अक्षरांत.

"तुम्ही काही बोलायचंच नाही," साहेब म्हणाला. "फ्रीज हवाय ना?"

उत्तमशेठनं फ्रीजकडे पाहिलं. पाटीवरच्या आपल्या नावाकडे पाहिलं. आणि तो गप्प बसला.

लहान मुलांच्या हौसेवर गळ टाकून बसणारी ही कसली मोठी माणसं! आणि तो गळ आपल्या दुकानात टांगू देणारा तरी कसला शेजारी!

धोंडिबा गवंड्याची मैना नऊ वर्षांची होती. तिला आठ दिवसांत दोन्ही हात, दोन्ही पाय आणि पोट सापडलं. हात तर सात-सात झाले. डोकं काही येईना. घरातल्या शेंगांचं मडकं तळाला गेलं. गोड पिऊन पिऊन तिचं स्वतःचं पोट दुखायला लागलं. शेवटी ती दुकानात आली आणि तिनं उत्तमशेठच्या डोळ्यांत बघून विचारलं, "काका, या खोक्यात डोकं आहे ना? तुम्ही सांगितलं तरच घेते."

उत्तमशेठ खाली बघत म्हणाला, "असेल की. शोधत राहा."

काकांनी सांगितलं म्हणजे खरंच असणार. मैनानं सगळ्यांना सांगितलं, आणि मुलं पुन्हा कामाला लागली.

पण इतकं गोड पाणी पोटात जाईना. बूच काढलं की बाटली तशीच उरायची. ओतून द्यायची तरी कशी? बोरवंडला ताटातलं शीतसुद्धा कुणी टाकत नाही. टाकलं तर पाप, असं मुलं लहानपणापासून ऐकत आलेली. मग मैनाला सुचलं. "पाणपोईत घालू या. येणाजाणाऱ्यांना गोड मिळेल. आपल्याला पुण्य!" तेव्हापासून रांजणात पाणी कमी आणि झुळूकच जास्त पडू लागली. पुढे तर कळशी भरून आणायचं कुणाच्या ध्यानातही राहीना. तात्या मुलीकडे चार दिवस पाहुणे गेले होते, त्यामुळे विचारणारंही कुणी नव्हतं.

तात्या परतले ते दुपारच्या गाडीनं. त्याच गाडीतून एक बाई उतरली. कडेवर तापानं फणफणलेलं वर्षाचं पोर, हातात औषधाची पुडी. तिनं ओगराळं रांजणात घातलं. वर आलं ते काळपट, चिकट, मेलेल्या मुंग्यांनी भरलेलं.

"अहो, ही पाणपोई आहे की मोरी?" बाई रडकुंडीला आली. "माझ्या पोराला घोटभर पाणी द्या हो कुणीतरी!"

तात्यांनी रांजणात डोकावलं आणि ते दुकानाकडे वळून गरजले, "उत्तम! पाणी!"

दुकानात फ्रीज बाटल्यांनी भरलेला होता. त्यात पाणी मात्र नव्हतं. उत्तमशेठनं स्वतःच्या पिण्याचा तांब्या उचलला आणि धावत जाऊन बाईच्या हातात दिला. पोरानं औषध घेतलं, पाणी प्यायलं आणि आईच्या खांद्यावर मान टाकली. तेव्हा कुठे सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

"रांजणात हे कुणी ओतलं?" तात्यांनी विचारलं.

मैना पुढे झाली. "आम्हीच, तात्या. बुचं हवी होती. डोकं सापडलं की थांबणारच होतो. काका म्हणाले, खोक्यात आहे."

नेमका तेव्हाच कंपनीचा साहेब नवी खोकी उतरवून घेत होता. त्यानं उत्तमशेठला डोळ्यांनी खुणावलं आणि मोठ्यानं म्हणाला, "असतंच हो पोरांचं. आता नवीन माल आलाय, शोधा यात!"

ती खूण तात्यांनी टिपली. ते म्हणाले, "या साहेबाच्या खेळण्यात ट्रकचा माणूस होतो म्हणे. आमच्या गावात मात्र माणसाचं खोकं झालेलं दिसतंय. काय रे उत्तम, बोलता येतं का अजून?"

उत्तमशेठनं मान वर केली. मैना अजूनही त्याच्याचकडे बघत होती. तो काय म्हणेल ते तिला खरं वाटणार होतं. तेच त्याला सोसवेना.

"पोरी, खोक्यात डोकं नाही," तो म्हणाला. "कधीच नव्हतं. आणि मला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

मैनानं ओच्यातली बुचं काढली, एकेक करून दुकानाच्या पायरीवर ठेवली आणि ती मागे सरकली. तेवढं बघणं उत्तमशेठला सगळ्यात जड गेलं.

"शेठ, फ्रीज जाईल हं," साहेब दात-ओठ खात म्हणाला. "पाटीसुद्धा."

"घेऊन जा," उत्तमशेठ म्हणाला. "तुमचं खोटं माझ्या नावाखाली विकलंत, आणि मी विकू दिलं. आता ते नाव तिथं नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीचा टेंपो आला आणि फ्रीज, पाटी, खोकी आणि रोबो घेऊन गेला. त्या वेळी उत्तमशेठ काथ्यानं रांजण घासत होता, आणि मैना भरलेली कळशी घेऊन शेजारी उभी होती.

तात्पर्य: मुलांच्या विश्वासावर धंदा करणारा दोषी आहेच, पण खरं माहीत असून गप्प बसणारा त्याच्याइतकाच दोषी आहे.