एका शब्दाची शिकवणी

पाठ वाकेना, डोळे साथ देईनात, म्हणून विद्याधर कोरगावकरांनी स्नूकरच्या स्पर्धा सोडल्या. जिमखान्याने त्यांना कोच म्हणून बोलावलं, पण त्यांचं मन होईना. जन्मभर खेळून दमल्यावर आता दुसऱ्यांच्या चुका काढत उभं राहायचं?

ते जिमखान्याच्या हॉलमध्ये गेले, तेव्हा अध्यक्ष आबासाहेब इनामदार टेबलावर ओणवे होऊन नेम धरत होते. "काठीने बॉल ढकलायचा, यात शिकवण्यासारखं आहेच काय?" ते गरजले. "मला येत नाही असं काहीतरी एका शब्दात शिकवून दाखवा, कोरगावकर. मग उद्यापासून या!"

बोलण्याच्या भरात त्यांच्या झब्ब्याची बाही लागून लाल बॉल हलला. सगळ्यांनी पाहिलं, पण बोललं कोणी नाही. कपडा लागून बॉल हलला तरी ती चूकच, आणि आपली चूक आपणच सांगायची, ही या खेळाची रीत. आबासाहेबांनी मात्र खुशाल फटका मारला.

"फाउल," कोरगावकर थकल्या आवाजात म्हणाले.

"हा शब्द मला येत नाही होय?"

"येत असता, तर माझ्याआधी तुमच्या तोंडून आला असता."

हॉलमध्ये खसखस पिकली. आबासाहेबांनी काठी खाली ठेवली. "मग उद्या येताय ना?"

"यावंच लागणार," कोरगावकरांनी उसासा टाकला. "तुमचा तर पहिलाच धडा कच्चा आहे."