हाक देणारी घंटा

फार फार वर्षांपूर्वी, डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या एका गावात, एका संध्याकाळी घंटा अगदी वेळेवर वाजली आणि पलीकडून ओ आली नाही.

एवढंच झालं. दुसऱ्या कुणाच्या ते ध्यानातही आलं नसतं. पण कोठीदाराची मुलगी दुर्गा त्या वेळी देवळीत पणती ठेवत होती, तिचा हात तिथंच थांबला. ती भिंतीला कान लावून उभी राहिली. भिंतीपलीकडे बायजामावशी कुंभारणीचं चाक घरघरत होतं. म्हणजे मावशी घरात होती. घंटा तिनं ऐकली होती. तरी तिनं ओ दिली नव्हती.

तुम्ही म्हणाल, यात घाबरण्यासारखं काय? ते कळायला त्या गावाची रीत ठाऊक हवी.

पूर्वी कधीतरी त्या गावावर दरड कोसळली होती. वरच्या अंगाचं एक घर माणसांसकट गाडलं गेलं आणि गावाला ते कळलं तिसऱ्या दिवशी. ते मधले दोन दिवस गाव कधी विसरलं नाही. तेव्हापासून ठरलं, की दिवेलागणीला प्रत्येक घरानं शेजारच्या घराला हाक द्यायची, "दिवा लागला, आहात का?" शेजारच्यानं म्हणायचं, "ओ, आहोत!" आणि मग त्यानं पुढच्या घराला हाक द्यायची. अशी हाक गावभर फिरून पहिल्या घरी परत यायची. भांडण असो, अबोला असो, माणसाच्या हाकेला ओ द्यायचीच. आणि ज्या घरातून हाक आली नाही, तिथं हातातलं काम टाकून धावायचं.

कोठीदाराच्या घरची हाक दुर्गा द्यायची. आई गेल्यापासून ते काम तिचं. नाव दुर्गा, पण पातेल्यावरचं झाकण पडलं तरी छातीवर हात ठेवून उभी राहायची. पाणवठ्यावरच्या बायका हसायच्या, "अगं, तुझं नाव ठेवताना कुणी तुला बघितलं होतं की नाही?" दिवसभर तिचा आवाज घशातच असायचा. फक्त दिवेलागणीला तो मोकळा व्हायचा. एवढी एक हाक तिला कुणाच्या भीतीशिवाय देता यायची, कारण पलीकडून ओ येणार हे तिला पक्कं ठाऊक असायचं.

तिचे वडील राजाची धान्याची कोठी सांभाळून म्हातारपणी घरी बसले होते. हात रिकामे झाले आणि त्यांना एक नाद लागला. नाद वाईट नव्हता. दारू नाही, जुगार नाही. त्यांना वेळ मोजणारी यंत्रं आवडायची. पाण्यात हळूहळू बुडणारी तांब्याची घटिकापात्रं, वाळूच्या कुप्या, सावली मोजायचे दगड त्यांनी दूरदूरहून आणले. मग रथ आणले, सुटे करून, आणि अंगणातच जोडले. एक समुद्रापलीकडचा, वेताच्या कमानींवर झुलणारा. एक चार चाकांचा, पुढे गरुडाचं तोंड असलेला. गावच्या गल्ल्या इतक्या अरुंद, की ते रथ कधी फाटकाबाहेर गेले नाहीत. कोठीदार सकाळी उठून एकात बसायचे, लगाम हातात धरायचे. समोर घोडा नसायचा.

"अहो कोठीदार," बायजामावशी फाटकातून डोकावून म्हणायची, "निघालात कुठं? जाताय तर माझी दोन गाडगी बाजारात टाका की!"

कोठीदारही हसायचे. तेव्हा हसणं दोन्हीकडून असायचं.

मग त्यांनी घरालाच यंत्र करायला घेतलं. अंगणातल्या जुन्या धान्याच्या तळघराची त्यांनी नवलखोली केली. घड्याळं आणि रथ तिथं ठेवले. डोंगराच्या ओढ्याचं पाणी बायजामावशीच्या भट्टीमागून पाट काढून तिथल्या दगडी डोणीत आणलं. डोणीत मोठं घटिकापात्र तरंगे. ते सांजेला बुडालं की एक दोरी ओढली जाई आणि एक भलाथोरला धोंडा खाली येई. धोंडा खाली आला की फाटक आपोआप मिटायचं, नवलखोलीचं जाड दार वरून खाली उतरायचं आणि पाटाच्या पाण्यावर फिरणारं चाक माळवदावरची घंटा अकरा वेळा वाजवायचं. मग एक खिटी पडून चाक थांबायचं.

"एका धोंड्यावर सगळं घर चालतं बघ," कोठीदार म्हणाले. त्यांनी फाटकावरच्या म्हाताऱ्या रखवालदाराला प्रेमानं निरोप दिला. "आणि पोरी, आता रोज घसा फोडायला नको. हाक घंटा देईल. तू एखादे दिवशी विसरशील, घंटा एक पळ चुकणार नाही."

"पण आबा, मी कधी विसरले नाही," दुर्गा हळूच म्हणाली.

"नाही विसरलीस. पण विसरू शकतेस. तोच तर फरक."

दुर्गाला उत्तरं नेहमी दुसऱ्या दिवशी सुचायची.

सुरुवातीला गावाला मोठं कौतुक वाटलं. घंटा वाजली की मावशी म्हणायची, "ओ गं दुर्गे, आहोत!" दुर्गा अंगणात उभी राहून ते ऐकायची. पण हाक तिनं दिलेली नसायची, म्हणून ओ मिळाल्यावर काय बोलावं तेही तिला कळायचं नाही. ती गप्प घरात जायची.

मग घंटा चुकू लागली. पाटात पालापाचोळा अडकला की ती भलत्याच वेळी वाजायची. पहिल्यांदा भल्या सकाळी वाजली, तेव्हा सगळी आळी काठ्या घेऊन धावली. दुसऱ्यांदा अर्धी आळी आली. तिसऱ्यांदा भर दुपारी वाजली, तेव्हा एकटी बायजामावशी आली. हात कोपरापर्यंत चिखलानं माखलेले, धाप लागलेली. चाकावरचा मोठा रांजण तसाच सोडून आली होती ती. तो मागं बसकण मारून पडला.

कोठीदार मनापासून हसले. त्यांना वाटलं, यात हसण्यासारखंच आहे. "अहो, यंत्र नवं आहे. रुळेल हळूहळू."

मावशीनं त्यांच्याकडे पाहिलं, मग दुर्गाकडे पाहिलं. "यंत्र रुळेल तेव्हा रुळेल," ती म्हणाली. "आम्ही मात्र आता रुळलो."

तिनं चिखलाचे हात पदराला पुसले आणि ती गेली. त्याच सांजेला तिची ओ आली नाही.

दुर्गाला वाटलं, जाऊन मावशीचे पाय धरावेत. म्हणावं, आबा हसले, मी नाही हसले. दोन वेळा ती फाटकापर्यंत गेली. दोन्ही वेळा मनात आलं, मावशी रागावली तर? आणि ती परत फिरली. वडिलांना मात्र तिनं एकदा धीर करून सांगितलं, "आबा, मावशी ओ देत नाही."

"घंटेला ओ कशाला लागते? हाक गेली, काम झालं."

असे दीड-दोन महिने गेले. घंटा रोज वाजायची. गाव म्हणायचं, वाजली, म्हणजे सगळं ठीक आहे.

मग एक दिवस असा आला. दिवस कलला होता. कोठीदार नवलखोलीत गरुडाच्या रथाखाली आडवे होऊन आसाला तेल घालत होते. दुर्गा चुलीपुढं होती. घटिकापात्र बुडालं, दोरी ओढली गेली, आणि त्या दिवशी ती दोरी तुटली. धोंडा हळूहळू उतरायचा, तो एकदम कोसळला. तो डोणीवर आदळला, डोण फुटली. पाण्याच्या लोंढ्यानं रथ सरकला आणि त्याचं चाक कोठीदारांच्या पायावर चढलं. जाड दार धाडकन खाली आलं. फाटक मिटलं. खिटी मोडली आणि माळवदावर घंटा वाजू लागली.

दुर्गा धावत आली. दारातल्या वीतभर झरोक्यातून तिनं आत पाहिलं. खोल तळघर, फुटकी डोण, आणि पाटातून आत पडणारं पाणी. आबा उठून बसले होते, पण पाय चाकाखाली. पाणी त्यांच्या मांडीला लागलं होतं. त्यांची तांब्याची पात्रं आजूबाजूला तरंगत होती, आणि त्यातलं एकही वेळ सांगत नव्हतं.

"आबा!"

"घाबरू नकोस," ते म्हणाले. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. "पाटाचं पाणी अडवायची फळी टाकायला हवी. ती भट्टीमागं आहे, पलीकडं. कुणालातरी सांग. येतीलच आता, घंटा वाजतेय ना."

दुर्गानं दाराला खांदा लावला. दार तसूभरही हललं नाही. ती फाटकाशी धावली. फाटकही त्याच धोंड्यावर चालायचं, ते मिटलेलंच राहिलं. भिंत दीड पुरुष उंच, वर काटेरी झुडपं. भिंतीला तोंड लावून तिनं हाक मारली, "मावशी! बायजामावशी!"

घंटा वाजत होती. तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला नाही.

तिनं पुन्हा हाक मारली. अकरा टोल केव्हाच होऊन गेले होते. वीस झाले, तीस झाले. पलीकडच्या गल्लीतून दोन माणसं बोलत जात होती. एकाचं बोलणं टोलांच्या मधल्या फटीतून तिच्या कानी पडलं, "कोठीदाराच्या यंत्राला आज पुन्हा चेव आलाय." दुसरा हसला. पावलं लांब गेली.

तेव्हा दुर्गाला कळलं. घंटा वाजतेय म्हणून कुणी येणार नाही. आणि घंटा वाजतेय म्हणूनच तिचा आवाज कुणापर्यंत पोहोचणार नाही.

ती झरोक्याशी परत आली. पाणी कमरेच्या वर चढलं होतं.

"आबा, मी घंटेची दोरी तोडते."

"नको!" एवढ्या पाण्यातही त्यांचा आवाज चढला. "वेडी आहेस का? तीच तर आपली हाक आहे! आणि ती दोरी जुळवायला सात महिने लागलेत मला."

दुर्गानं आजवर आबांचा शब्द मोडला नव्हता. माळवदाच्या शिडीला ती लहानपणापासून भ्यायची. तिनं स्वयंपाकघरातून विळा घेतला, तो दातांत धरला, डोळे जवळजवळ मिटले आणि ती चढली. वर घंटेचा आवाज इतका मोठा होता, की प्रत्येक टोलाला तिचं सगळं अंग दचकत होतं. दचकत दचकतच ती दोरीवर विळा फिरवत राहिली. पहिला पेड तुटला. दुसरा तुटला. तिसरा तुटायला वेळ लागला.

घंटा थांबली.

सगळं गाव जणू एकदम गप्प झालं. खालून पाण्याचा आवाज येऊ लागला. आणि त्या आवाजातून आबा म्हणाले, "थांबली का गं?"

"मी तोडली, आबा."

मग ते म्हणाले, आणि असा आवाज तिनं त्यांचा कधी ऐकला नव्हता, "मग आता तूच हाक मार, पोरी."

दुर्गा माळवदाच्या कडेला उभी राहिली. खाली बघायचं तिनं टाळलं. कित्येक महिन्यांत तिनं ती हाक दिली नव्हती. तोंड उघडलं तर आधी नुसता वारा बाहेर आला.

"दिवा लागला..." तिनं पहिल्यापासून पुन्हा सुरुवात केली. "दिवा लागला, आहात का?"

पलीकडे कुंभाराचं चाक घरघरत होतं. ते थांबलं नाही.

"दिवा लागला, मावशी, आहात का?"

चाकाची घरघर मंदावली. की तिला तसा भास झाला? तिला वाटलं, मावशी ऐकतेय आणि गप्प आहे. आपण गेलो नाही तिच्याकडे. दोनदा फाटकापर्यंत गेलो आणि परत आलो. आता कशाला देईल ती ओ?

तरी तिनं तिसऱ्यांदा हाक दिली. या वेळी रीतीचे शब्द तिला पुरले नाहीत. "मावशी, ही घंटा नाही, मी आहे! मी, दुर्गा! आबा पाण्यात अडकलेत, पाटाची फळी टाका! मावशी, आहात का हो?"

चाक थांबलं.

काहीतरी पडलं, बहुधा ओलं मडकं. अनवाणी पावलं धावली, भट्टीच्या मागं, चढावर. मग जाड फळी पाटात बसल्याचा धप्प आवाज आला. तळघरातला पाण्याचा आवाज बारीक होत गेला, होत गेला, आणि थांबला.

आणि मग भिंतीपलीकडून, धापा टाकत, रडवेल्या रागानं भरलेला तो ओळखीचा आवाज आला, "ओ! ओ गं दुर्गे! आहोत! आहोत आम्ही!"

मुलांनो, मोठ्यांनो, ध्यानात असू द्या: ज्या हाकेत माणूस नाही, त्या हाकेला ओ द्यायलाही शेवटी माणूस उरत नाही.