तिम्माच्या डोळ्यातली कपची

“ज्या कपचीनं तुझ्या नवऱ्याचा डोळा गेला, नेमकी तीच कपची उद्या दरबारात आणून दाखव. दाखवलीस तर तट्ट्या मिळतील. नाही दाखवलीस तर तुझा नवरा परवापासून पुन्हा खाणीत, पहिल्याच जागेवर!”

राजा चंद्रभान एवढं बोलला आणि मोकळा झाला. समोर उभी होती दुर्गव्वा, खडी फोडणाऱ्या तिम्माची बायको. तिनं सोनं मागितलं नव्हतं की जमीन मागितली नव्हती. राजाच्या दगडखाणीत खडी फोडणारे खांद्याला खांदा लावून बसायचे. शेजाऱ्याच्या हातोड्याखालून कपची उडायची ती थेट याच्या तोंडावर. तशीच एक तिम्माच्या उजव्या डोळ्यात घुसली आणि डोळा गेला. आता डावा तेवढा राहिला होता. त्या डाव्यासाठी ती आली होती. दोन माणसांच्या मध्ये बांबूची एकेक तट्टी लावा, एवढंच तिचं मागणं.

राजा हो म्हणणारच होता. पण शेजारी गुणाजी दरोगा उभा! खाणीची देखरेख याच्याकडे. देखरेख म्हणजे काय, तर टेकडीवर छत्रीखाली गादी टाकून विडा चघळायचा आणि खालून येणारे घाव ऐकत मान डोलवायची. दगडाची धूळ याच्या जोड्याला कधी लागली नाही, पण दगडाबद्दल विचारा, जेवणखाण विसरून बोलेल.

“महाराज, तट्ट्या लावल्या तर निम्मी माणसं तरी मावतील का तिथं?” दरोगा म्हणाला. “महालाच्या पायऱ्या दिवाळीपर्यंत व्हायच्या नाहीत. आणि दगड काय जिवंत आहे, उठून डोळ्यात जायला? हे लोकच बेफिकीर. घाव घालताना डोळे मिटावेत एवढी अक्कल नाही यांना.”

“डोळे मिटून घाव घातला तर बोटं जातात, उघडे ठेवून घातला तर डोळे जातात,” दुर्गव्वा म्हणाली. “दरोगासाहेबांनीच सांगावं, आम्ही काय ठेवायचं आणि काय घालवायचं.”

दरोगा खाकरला. “कपचीनंच डोळा गेला हे कशावरून? झुडपात काटा लागला असेल. कपची दाखव म्हणावं, महाराज.”

राजाला ते एकदम पटलं. आणि एकदा तोंडातून शब्द गेला की तो मागं घेणं म्हणजे त्याला भर दरबारात मुकुट उतरवल्यासारखं वाटायचं. तेव्हा कपची दाखव, विषय संपला.

तिम्मा पालाबाहेर बसून होता. डोळ्यावर चिंधी बांधलेली. सगळं ऐकून तो म्हणाला, “अगं, ती आता कुठं सापडायची? तिच्यावर ढीगभर खडी पडली असेल.”

“न सापडू दे. मागणाऱ्यानं तरी कुठं ती बघितलीय?” दुर्गव्वा म्हणाली आणि गाढवं सोडायला उठली.

दुसऱ्या दिवशी दरबार भरतो न भरतो तोच गाढवं दारात हजर. दुर्गव्वानं पाठीवरच्या गोण्या एकेक करून आत आणल्या आणि सगळी खडी गालिच्यावर ओतली. धूळ उडाली तशी प्रधानांना शिंक आली. दरोगा नाकाला उपरणं लावून मागं सरकला.

“यातली कुठली?” राजानं विचारलं.

“तेच तर बघायचंय, महाराज. डोळा फोडणारी कपची नुसती पडलेली असली की ओळखू येत नाही. घाव बसला की उडते, तीच तिची खूण. आता इथंच एक दगड फोडते. सगळ्यांनी नीट बघा, कुठली उडते ती.” मग ती दरोग्याकडे वळली. “साहेब, तुम्ही लांब का? या, शेजारी बसा. आम्ही बसतो तसे, खांद्याला खांदा लावून. तुमच्याइतकं दगडातलं कुणाला कळतं?”

“बस की,” राजा म्हणाला.

दरोगा बसला. कसा बसला, तर विस्तवावर बसवल्यासारखा. दुर्गव्वानं मोठा काळा दगड पुढ्यात घेतला, पदर खोचला आणि दोन्ही हातांनी हातोडा डोक्यावर उचलला.

बराच वेळ गेला. घाव काही ऐकू येईना.

“उघडा डोळे,” दुर्गव्वा म्हणाली. “मी घाव घातलाच नाही.”

तिच्या हातातला हातोडा अजून वरच होता. प्रधान खांबाआड गेले होते. मानकऱ्यांनी शेले तोंडावर ओढले होते. दरोग्याचं पागोटं हनुवटीपर्यंत खाली आलं होतं, आणि त्याच्या आतून आवाज आला, “ही काय थट्टा चालवलीय? कपची कुठाय?”

“ते मी तुम्हाला विचारते!” दुर्गव्वा म्हणाली. “घाव बसला नाही, दगडाला साधा ओरखडा नाही. मग एवढी मोठमोठी माणसं तोंड लपवून बसली ती कुणाला भिऊन? काट्याला? महाराज, जिला भिऊन तुम्ही सगळ्यांनी डोळे झाकलेत, तीच माझ्या नवऱ्याच्या डोळ्यातली कपची. मी दाखवायच्या आधीच तुम्हाला दिसली.”

राजानं बघितलं, तर त्याचे स्वतःचे दोन्ही हात अजून तोंडावरच! बोटांच्या फटीतून तो दुर्गव्वाकडे बघत होता. आधी त्याचे खांदे हलले, मग पोट हललं, आणि मग तो असा हसत सुटला की बाहेर बांधलेली गाढवं दचकली.

“दिसली बाई, चांगली दिसली,” डोळे पुसत तो म्हणाला. “प्रत्येकाला तट्टी द्या. तिम्मानं आता सावलीत बसून तट्ट्या विणायच्या, मजुरी आहे तीच. हिच्या घरी वर्षाचं धान्य पोचवा. आणि गुणाजी, शेवटच्या माणसाला तट्टी मिळेपर्यंत तुझी गादी खाली खाणीत, खडी फोडणाऱ्यांच्या अगदी मधोमध.”

एरवी ज्या तट्ट्या लावायला दिवाळी उलटून गेली असती, त्या सगळ्या दुसऱ्या दिवशी उन्हं उतरायच्या आत लागल्या. बांबूच्या मोळ्या डोक्यावर घेऊन खाणीत पळत पळत खेपा घालत होता तो कोण? गुणाजी दरोगा!