जोडीचे अंक

"एकही सुटत नाही का, स्वामी? इतक्या संख्यांतून एकही?"

बल्लाळने धूळपाटी पुढे सरकवली. विरूपाक्षस्वामी मठाच्या पायरीवर ऊन खात बसले होते. खाली कृष्णा दुथडी भरून वाहत होती.

बल्लाळ म्हणजे नावाजलेला गणिती. भल्याभल्यांना त्याने भरसभेत गप्प बसवलं होतं. पटकीच्या साथीत त्याची बायको रेवती गेली, आणि तेव्हापासून त्याने एकच ध्यास घेतला. सुलट वाचा, उलट वाचा, तीच राहील अशी, अकराहून मोठी संख्या हवी. तिच्यातल्या प्रत्येक अंकाला जोडीदार हवा. आणि तिला कशानेच भाग जाता कामा नये. संख्या लांबत गेल्या. तो वाळत गेला.

पाटीवरच्या धुळीत त्याने लिहिलं होतं : ७३०४१८८१४०३७.

"हिला दोनाने भाग जात नाही. तिनाने नाही, साताने नाही, तेरानेही नाही. पण अकरा... दर वेळी अकरा आडवा येतो."

"एकाआड एक अंक घे. बेरीज सांग."

"तेवीस."

"उरलेल्यांची?"

"तेवीस." बल्लाळने पाटीवरचं बोट उचललं. "वजाबाकी शून्य. आणि शून्य आलं की अकराने भाग जायचाच. ते मला ठाऊक आहे, स्वामी."

"शून्य का येतं, ते ठाऊक आहे?"

बल्लाळ पाटीकडे बघत राहिला. पहिला सात एका बेरजेत, शेवटचा सात दुसरीत. मधले दोन आठ तर एकमेकांना खेटून उभे, तरी एक इकडे, एक तिकडे...

"प्रत्येक अंकाला त्याचाच जोडीदार वजा करतो," तो पुटपुटला.

"हं."

"आणि याहून मोठी घेतली तर? शंभर अंकांची?"

"जोड्या पुऱ्या असतील, तर तीही तुटेल."

"मग मला नदीच बरी," बल्लाळ शांतपणे म्हणाला. "अशी एक संख्या सापडली असती, तर म्हटलं असतं, जोडीने असलेलं काहीतरी जगात टिकतं."

स्वामींनी त्याची समजूत काढली नाही. वाकून त्यांनी अंगठ्याने मधला एक आठ पुसला.

७३०४१८१४०३७.

उलट वाचली तरी तीच. फक्त मधल्या आठाला आता कुणी नव्हतं.

बल्लाळने सवयीने बेरजा केल्या. सोळा आणि बावीस. सहा उरले. अकराने भाग जाईना.

त्याला आनंद झाला नाही. त्या एकट्या अंकाकडे बघता बघता त्याला रडू फुटलं. रेवती गेली त्या दिवशीही तो रडला नव्हता.

बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, "ही तुटणार नाही?"

"कोण जाणे. अकराने नाही, तर दुसऱ्या कशाने तुटेल. अशाही पुष्कळ तुटतात."

"मग एकट्याने मागे राहून मिळतं काय, स्वामी?"

"मिळत काहीच नाही. तुटण्याची खात्री तेवढी जाते."