थोरल्या बटाट्याची वाढ

बटाटे बोलत आणि तराजूला ते ऐकून घ्यावं लागे, त्या काळची गोष्ट. सोललेले दोन बटाटे दिवसभर पाण्यात डुंबून तराजूकडे आले. थोरला निथळतच पारड्यात बसला. "पाच ग्रॅम वाढलो! धाकटा दोनच!"

"किती वेळा सांगू, आधी अंग पूस!" तराजू करवादला. "अंगावरचं पाणी वाढीत धरत नाहीत."

पुसल्यावर वाढ चार ग्रॅम भरली. "तरी दुप्पट!"

"अरे ठोंब्या, तू मुळात चाळीस ग्रॅमचा, वाढलास दहा टक्के. तो दहाचा, वाढला वीस टक्के."

"टक्के-बिक्के मला सांगू नका!"

दुसऱ्या दिवशी दोघेही मिठाच्या पाण्यातून आक्रसून परतले. ग्रॅम थोरल्याचेच जास्त गेले होते. तो पुन्हा निथळतच पारड्यात बसला आणि म्हणाला, "तराजूकाका, ग्रॅम राहू द्या. टक्के सांगा!"